वणवा आणि विमान

वणव्याचे गणित

वणव्याचा जोर ज्वाळांच्या उंचीवरून दिसतो, पण मोजला जातो तो उष्णतेवरून. आगीच्या तोंडाच्या दर मीटर लांबीतून दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर पडते, हे त्याचे माप. अमेरिकी वनसंशोधक जॉर्ज बायरम यांनी 1959 मध्ये त्यासाठी एक सोपे सूत्र मांडले. एक किलो इंधनातली उष्णता, दर चौरस मीटरवर जळणारे इंधन आणि आग पुढे सरकण्याचा वेग या तिन्हींचा गुणाकार म्हणजे आगीची तीव्रता. वाळका पाला, गवत, काटक्या यांच्या एका किलोतून सुमारे 18,000 किलोज्यूल उष्णता निघते. दर चौरस मीटरवर असा एक किलो पाचोळा जळत असेल आणि आग मिनिटाला सहा मीटर सरकत असेल, तर तिची तीव्रता दर मीटरला 1,800 किलोवॅट भरते.

या मापावरून आगीशी कोणी आणि कशाने भिडायचे हे ठरते. तीव्रता साधारण 350 किलोवॅटच्या आत आणि ज्वाळा सव्वा मीटरच्या आत असतील, तर माणसे हातातल्या अवजारांनी आग अडवू शकतात. त्यापुढे सुमारे 1,700 किलोवॅटपर्यंत बुलडोझर, पाण्याचे पंप आणि विमाने यांची गरज लागते. 3,500 किलोवॅटच्या वर, म्हणजे ज्वाळा साडेतीन मीटरच्या आसपास गेल्या की, आगीच्या तोंडासमोर उभे राहून काहीही साधत नाही. झाडांच्या शेंड्यांवरून धावणारा वणवा तर 10,000 किलोवॅटची मर्यादाही सहज ओलांडतो.

आता पाण्याचा हिशेब. साध्या तापमानाचे एक लिटर पाणी तापून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत ते सुमारे 2,600 किलोज्यूल उष्णता शोषते. एखाद्या विमानाने 6,000 लिटर पाणी आगीच्या 60 मीटर लांबीवर सोडले, तर दर मीटरच्या वाट्याला 100 लिटर येते. त्यातला एकही थेंब वाया गेला नाही असे धरले, तरी 1,800 किलोवॅटच्या आगीची जेमतेम अडीच मिनिटांची उष्णता त्यात मुरते. आग 10,000 किलोवॅटची असेल तर हा काळ अर्ध्या मिनिटाहूनही कमी होतो. प्रत्यक्षात बरेच पाणी वाऱ्याने उडते, पानांवर अडते किंवा जळून गेलेल्या जमिनीवर पडते.

विमानाच्या मर्यादा आणि त्याचा खरा उपयोग, दोन्ही या हिशेबात आहेत. विमान वणवा क्वचितच विझवते. ते आगीचा जोर काही काळ कमी करते आणि तेवढ्या वेळात जमिनीवरच्या माणसांना आगीजवळ जाता येते. विमानातून विकत मिळतो तो वेळ, आणि त्याची किंमत आग किती जुनी आहे यावर ठरते. एक हेक्टर पसरलेल्या गोलाकार आगीचा परीघ सुमारे 355 मीटर असतो. तीच आग 1,000 हेक्टरवर गेली की परीघ सव्वाअकरा किलोमीटर होतो. पहिल्या आगीला एका मोठ्या विमानाची एक फेरी वेढा घालू शकते. दुसऱ्या आगीला तसल्या जवळजवळ तीस फेऱ्या लागतात, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत परीघ वाढलेला असतो.

टेहळणी, उडी आणि पाण्याचा मारा

वणव्याविरुद्ध विमानाचा पहिला उपयोग डोळ्यांसारखा झाला. ऑगस्ट 1910 मध्ये अमेरिकेच्या आयडाहो आणि मोंटाना राज्यांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले आणि 80 हून अधिक माणसे मेली. त्यानंतर तेथील वनविभागाने आग लहान असतानाच गाठायची, हे धोरण धरले. त्यासाठी ती लवकर दिसायला हवी होती. पहिले महायुद्ध संपल्यावर लष्कराची विमाने आणि वैमानिक रिकामे झाले होते. 1919 च्या उन्हाळ्यापासून कॅलिफोर्नियातील जंगलांवर कर्टिस जेनीसारख्या विमानांच्या गस्ती सुरू झाल्या. विमानात बिनतारी संच नेहमी नसे. अशा वेळी वैमानिक चिठ्ठी खाली टाकी, उतरून दूरध्वनी गाठी किंवा कबुतराच्या पायाला निरोप बांधी.

दुसरा टप्पा माणसे पोहोचवण्याचा. डोंगराळ मुलखात आग दिसल्यावरही तेथे पायी पोहोचायला एक-दोन दिवस लागत. सोव्हिएत रशियात 1930 च्या दशकातच हवाई छत्रीने अग्निशामक उतरवण्याचे प्रयोग झाले होते. अमेरिकेत 12 जुलै 1940 रोजी आयडाहोतील नेझ पर्स वनक्षेत्रात रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली यांनी जळत्या वणव्याजवळ पहिली उडी घेतली. ही पद्धत रुजली, पण लवकर पोहोचणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे लवकरच कळले. 5 ऑगस्ट 1949 रोजी मोंटानातील मान गल्च येथे वारा फिरला आणि गवताळ उतारावर आगीने 13 जणांना गाठले. त्यांत 12 जण छत्रीने उतरलेले होते. आगीच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास आणि अग्निशामकांच्या सुरक्षेचे नियम यांना या दुर्घटनेनंतर गती मिळाली.

तिसरा टप्पा आकाशातून पाणी सोडण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याने भरलेले बॉम्ब टाकून पाहिले गेले, पण ते फुटून पाणी एका जागी सांडे आणि खालच्या माणसांना इजा होण्याचा धोका राही. कॅनडात ओंटारियो प्रांतात पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानांतून पाणी सोडण्याचे प्रयोग चालू होते. 1954 मध्ये कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर 'ऑपरेशन फायरस्टॉप' झाले. नौदलाच्या जुन्या अॅव्हेंजर विमानातून पाणी मोकळे सोडले तर ते पट्ट्यासारखे पसरते, हे तेथे दिसून आले.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात मात्र एका शेतकी विमानाने केली. कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो वनक्षेत्रात जुलै 1953 मध्ये रॅटलस्नेक वणव्याने 15 जणांचा बळी घेतला होता. तेथील वनअधिकारी जो इली यांनी विलोज गावातल्या, भातशेतीवर बी पेरणाऱ्या आणि औषध फवारणाऱ्या वैमानिकांना विचारले की, हेच विमान पाणी वाहू शकेल का. नोल्टा कुटुंबाच्या कंपनीने बोइंग-स्टिअरमन या दुपंखी विमानात 170 गॅलनची, म्हणजे सुमारे 640 लिटरची टाकी बसवली. तळाशी दार आणि ते उघडायला दोरी, एवढीच यंत्रणा. ऑगस्ट 1955 मध्ये मेंडेनहॉल वणव्यावर व्हान्स नोल्टा यांनी या विमानातून पाणी सोडले. पुढच्या वर्षी अशा सात विमानांचे पथक उभे राहिले.

लाल रसायन

पाण्याची मोठी अडचण म्हणजे ते टिकत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी आगीपुढे ओली केलेली जमीन थोड्याच वेळात वाळते. म्हणून पाणी ज्वाळांवर सोडतात आणि आगीच्या वाटेत आधी अडसर घालायचा असेल तर रसायन वापरतात.

सुरुवातीला बोरेटचा लगदा वापरला गेला. तो आग रोखी, पण जमीन नापीक करी. 1960 च्या दशकात त्याची जागा अमोनियम क्षारांनी घेतली. आजच्या अग्निरोधक द्रवात सुमारे 85 टक्के पाणी, 10 टक्के खताच्या जातीचे अमोनियम फॉस्फेटसारखे क्षार आणि उरलेल्या भागात घट्टपणा आणणारे, गंज रोखणारे व रंग देणारे घटक असतात. घट्टपणासाठी अनेक मिश्रणांत गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक वापरतात. जगातल्या गवारीचे बहुतांश पीक भारतात, विशेषतः राजस्थानात येते. घट्ट द्रव उंचावरून पडताना धुक्यासारखा विरत नाही आणि पानांना चिकटतो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. आधीची फेरी कोठे संपली हे पुढच्या वैमानिकाला त्यावरून कळते.

या द्रवाचे काम पाणी उडून गेल्यावरही चालू राहते. लाकूड तापले की त्यातल्या सेल्युलोजपासून ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाळा या वायूंचीच असते. फॉस्फेटमुळे सेल्युलोजचे विघटन वेगळ्या वाटेने होते. वायू कमी निघतो, कोळसा आणि पाण्याची वाफ जास्त होते. त्यामुळे आग त्या पट्ट्याशी आली की मंदावते. पाऊस येऊन धुऊन नेईपर्यंत हा परिणाम टिकू शकतो.

किती द्रव लागेल हे जंगलावर अवलंबून असते. विरळ गवताला दर चौरस मीटरला अर्धा ते पाऊण लिटर पुरतो, म्हणजे अर्धा-पाऊण मिलिमीटर पावसाएवढा. दाट झुडपांना आणि पाल्याच्या जाड थराला अडीच-तीन लिटर लागतात. म्हणून जुन्या विमानांत टाकीचे कप्पे आणि अनेक दारे असत आणि ती एकेक करून उघडत. आता दारांची उघडझाप संगणक करतो आणि वैमानिकाने निवडलेल्या प्रमाणात अखंड पट्टा पडतो.

या द्रवाचा त्रास जलचरांना होतो. अमोनियायुक्त द्रव ओढ्यात पडला की मासे मरतात. 2002 मध्ये ओरेगॉनमधील फॉल नदीत तसे घडले आणि हजारो मासे मेले. अमेरिकी वनविभागाने पाण्यापासून 300 फूट, म्हणजे सुमारे 90 मीटर अंतर राखण्याचा नियम केला. माणसाचा जीव धोक्यात असेल तरच त्याला अपवाद. 2023 मध्ये मोंटानातील संघीय न्यायालयाने, परवान्याशिवाय हा द्रव पाण्यात पडणे कायद्याविरुद्ध असल्याचे ठरवले, पण परवाना मिळेपर्यंत वापर थांबवला नाही. 2024 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा द्रवात क्रोमियम, कॅडमियम, व्हॅनेडियम यांसारखे धातू आढळल्याचे नोंदवले. रसायन कोठे वापरायचे आणि कोठे साध्या पाण्यावर भागवायचे, हा प्रश्न त्यामुळे आणखी महत्त्वाचा झाला आहे.

विमानांच्या जाती

अग्निशमनाच्या विमानांचे चार मुख्य वर्ग आहेत. प्रत्येकाचे बळ पाणी कोठून मिळते यावर ठरते.

पहिला वर्ग एक इंजिनाच्या लहान विमानांचा. एअर ट्रॅक्टर एटी-802 हे मूळचे शेतकी विमान सुमारे 3,000 लिटर वाहते. त्याला लहान धावपट्टी चालते, म्हणून ते जंगलाजवळ ठेवता येते आणि चटकन उडते.

दुसरा वर्ग तलावावरून पाणी उचलणाऱ्या विमानांचा. कॅनडातील लाकूड कंपन्यांनी 1959 मध्ये अमेरिकी नौदलाची चार प्रचंड मार्स विमाने विकत घेऊन त्यांत टाक्या बसवल्या. सुमारे 61 मीटर पंखविस्ताराचे हे विमान एका वेळी 27,000 लिटर पाणी नेई. चारांपैकी एक 1961 मध्ये कोसळले आणि एक 1962 च्या वादळात मोडले. उरलेल्या दोघांनी दीर्घकाळ काम केले. 'हवाई मार्स' ऑगस्ट 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील संग्रहालयात पोहोचले आणि 'फिलिपीन मार्स' 2025 मध्ये अॅरिझोनातील संग्रहालयात.

खास या कामासाठी घडवलेले पहिले मोठे विमान म्हणजे कॅनडेअर सीएल-215. त्याचे पहिले उड्डाण ऑक्टोबर 1967 मध्ये झाले. पुढची आवृत्ती सीएल-415 ही 6,100 लिटरहून थोडे अधिक पाणी सुमारे 12 सेकंदांत उचलते. ते थांबत नाही. पोट पाण्याला टेकवून सुमारे 400 मीटर धावते, तळाची दोन लहान तोंडे उघडतात आणि वेगाच्या दाबाने टाकी भरते. पाणी आगीपासून अकरा-एक किलोमीटरवर असेल तर तासाला नऊ फेऱ्या आणि सुमारे 55,000 लिटर पाणी, असा उत्पादकांचा हिशेब आहे. भूमध्य समुद्राकाठच्या फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस, क्रोएशिया या देशांना हे विमान मानवले, कारण तेथे जंगल आणि पाणी जवळजवळ आहे. त्याचे उत्पादन 2015 मध्ये थांबले. डीएचसी-515 ही नवी आवृत्ती 2022 मध्ये जाहीर झाली आणि युरोपीय संघाच्या सामायिक ताफ्यासाठी तिची मागणी नोंदवली गेली.

तिसरा वर्ग धावपट्टीवरून रसायन भरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचा. सी-130 हर्क्युलिस या लष्करी मालवाहू विमानात बसवता-काढता येणारी यंत्रणा 1970 च्या दशकात तयार झाली. ती सुमारे 11,000 लिटर द्रव पाच सेकंदांच्या आत सोडते आणि सुमारे 400 मीटर लांब, 18 मीटर रुंद पट्टा ओढते. डीसी-10 हे रूपांतरित प्रवासी विमान 35,000 लिटरहून अधिक वाहते. बोइंग 747 मध्ये बसवलेल्या टाक्यांची क्षमता 70,000 लिटरच्या पुढे होती. ते 2017 मध्ये चिलीत आणि 2019 मध्ये बोलिव्हियात गेले, पण 2021 मध्ये खर्च परवडेना म्हणून बंद झाले. ही विमाने एका फेरीत खूप काही करतात, पण त्यांना लांब धावपट्टी आणि रसायनाचा साठा लागतो. दोन फेऱ्यांमधले अंतर त्यामुळे वाढते.

चौथा वर्ग हेलिकॉप्टरांचा. कॅनडात डॉन आर्नी यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला घडी होणारी बादली तयार केली. 'बॅम्बी बकेट' या नावाने ती जगभर वापरली जाते. लहान तळे, धरण, नदीचा डोह असे कोणतेही खोल पाणी तिला चालते. एस-64 एअर क्रेन हे हेलिकॉप्टर पोटाच्या टाकीत सुमारे 10,000 लिटर पाणी लोंबत्या नळीने पाऊण मिनिटात खेचून घेते. हेलिकॉप्टर हळू उडते, पण नेमके सोडते. शिवाय तेच यंत्र माणसे आणि सामान नेते, जखमींना आणते.

आगीवरचे आकाश

धुराने भरलेल्या दरीत एकाच वेळी अनेक विमाने फिरत असतात, म्हणून त्यांना शिस्त लागते. सर्वांत वर निरीक्षक विमान घिरट्या घालते. त्यातला अधिकारी खालच्या तुकडीशी बोलून कोठे सोडायचे ते ठरवतो. मोठ्या विमानापुढे एक लहान मार्गदर्शक विमान त्याच वाटेने जाऊन हवेचे धक्के, विजेच्या तारा आणि बाहेर पडण्याची दिशा पाहते. मग मोठे विमान झाडांच्या शेंड्यांपासून साधारण 45 ते 60 मीटर उंचीवरून, ताशी 230 ते 280 किलोमीटर वेगाने जाते. त्याहून खाली आले तर द्रवाच्या धक्क्याने झाडे मोडतात आणि माणसे जखमी होतात. त्याहून वर राहिले तर द्रव वाऱ्यावर जातो.

वाऱ्याचा वेग ताशी 40 ते 45 किलोमीटरच्या पुढे गेला की पट्ट्याचा परिणाम घटू लागतो. त्याहून अधिक वाऱ्यात उड्डाणच धोक्याचे ठरते. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात आगी भडकल्या, तेव्हा 7 तारखेच्या रात्री सँटा अॅना या तेथील जोरदार वाऱ्यांमुळे विमाने जमिनीवर थांबवावी लागली. सर्वांत विनाशक आगी बहुधा अशाच वाऱ्यात लागतात. गरज सर्वाधिक असते तेव्हा विमान हाताशी नसण्याची शक्यताही सर्वाधिक असते. त्याच आगीत 9 जानेवारीला एका खासगी ड्रोनची धडक बसून पाणी उचलणाऱ्या एका सीएल-415 च्या पंखाला भोक पडले आणि ते विमान काही दिवस निकामी झाले.

वैमानिकांसाठी हे काम धोक्याचे आहे. उंची कमी, धूर दाट, हवा अस्थिर आणि प्रत्येक फेरीत वजन क्षणात हलके होण्याचा ताण पंखांवर. 17 जून 2002 रोजी कॅलिफोर्नियातील वॉकर येथे 1950 च्या दशकात बांधलेल्या सी-130 चे पंख हवेतच तुटले आणि तिघे मेले. महिन्याभरात कोलोरॅडोत महायुद्धकालीन विमानाचा तसाच अपघात होऊन दोघे गेले. धातूचा थकवा हे कारण पुढे आले आणि 2004 मध्ये अमेरिकी सरकारने 33 मोठ्या अग्निशमन विमानांचे करार रद्द केले. जुनी लष्करी विमाने स्वस्तात घेऊन चालवण्याचा काळ तेथे संपला. तरीही धोका संपला नाही. 23 जानेवारी 2020 रोजी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये सी-130 कोसळून तिघे आणि 25 जुलै 2023 रोजी ग्रीसच्या एव्हिया बेटावर सीएल-215 कोसळून दोघे वैमानिक मृत्युमुखी पडले.

उपयोग केव्हा होतो

विमानांचा उपयोग मोजणे अवघड आहे, कारण तीच आग विमानाशिवाय कशी वागली असती हे पाहता येत नाही. तरीही ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष स्पष्ट होता. आग लागल्यापासून विमान किती लवकर पोहोचले, तेव्हा आग किती मोठी होती, हवामान आणि इंधन कसे होते, यांवर पहिल्या हल्ल्याचे यश ठरते. जमिनीवरची तुकडी मागोमाग पोहोचली तरच ते यश टिकते. पट्ट्यापलीकडे ठिणग्या उडतात, ओंडके आत धुमसत राहतात आणि वारा सुटला की आग पुन्हा उठते. तेथे फावडे आणि माणूसच लागतो.

विमाने अजिबात नसण्याची किंमतही दिसून आली आहे. डिसेंबर 2010 मध्ये इस्रायलच्या कार्मेल डोंगरावरील वणव्यात 44 जण मेले. स्वतःची अग्निशमन विमाने नसल्याने त्या देशाला परदेशांकडे मदत मागावी लागली. त्यानंतर तेथे एटी-802 विमानांचे पथक उभारले गेले. मोठ्या विमानांऐवजी लहान, लवकर उडणारी विमाने निवडण्यामागे पहिल्या तासाचेच गणित होते.

भारतातील वापर

भारतात या कामासाठी मुख्यतः हवाई दलाची एमआय-17 हेलिकॉप्टरे येतात. त्यांच्या बादलीत सुमारे 3,500 लिटर पाणी मावते. 2016, 2021 आणि 2024 मध्ये उत्तराखंडात ती वापरली गेली. 2024 मध्ये नैनीतालजवळच्या आगींसाठी भीमताल तलावातून पाणी उचलले गेले. 2019 मध्ये बंदीपूर, 2020-21 च्या हिवाळ्यात नागालँड-मणिपूर सीमेवरील झुकू खोरे आणि मार्च 2022 मध्ये राजस्थानातील सरिस्का येथेही हेलिकॉप्टरे गेली. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात अनेक ठिकाणी आगी लागल्या. तेव्हा हवाई दलासोबत नौदलाच्या हेलिकॉप्टरांनीही पाणी सोडले आणि वनखात्याच्या तुकड्या खाली काम करीत राहिल्या.

यांतल्या बहुतेक ठिकाणी हेलिकॉप्टर बोलावले गेले ते आग मोठी झाल्यावर. राज्याने विनंती करायची, मंजुरी मिळायची, बादली आणायची आणि मग उड्डाण, या क्रमात पहिला तास निघून जातो. हिमालयात चिड पाइन वृक्षांच्या राळदार सुया आणि उभे चढ यांमुळे आग चटकन माणसाच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून तेथे उशिरा आलेले हेलिकॉप्टरही गावाकडची बाजू रोखायला उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील वणव्यांचे स्वरूप वेगळे आहे. विदर्भातील साग आणि इतर पानझडी जंगलात फेब्रुवारीपासून पाला गळतो. आग बहुधा जमिनीवरूनच सरकते आणि अनेकदा ज्वाळा कमरेच्या खाली राहतात. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे, तेंदूची नवी पालवी यावी म्हणून आग लावणे, बांधावरचे जाळ जंगलात जाणे, ही तिची नेहमीची कारणे. बायरमच्या मापाने यांतल्या बऱ्याच आगी 350 किलोवॅटच्या खालच्या, म्हणजे माणसाच्या आवाक्यातल्या असतात. त्या लहान आणि विखुरलेल्या असतात, त्यामुळे एका हेलिकॉप्टरने त्यांचा पाठलाग करणे महागात पडते. उन्हाळ्यापूर्वी काढून जाळलेल्या जाळरेषा, पाला उडवणारे ब्लोअर, हंगामी वनमजूर आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे मिळणारे इशारे, ही येथील मुख्य साधने आहेत.

गोव्यातील आणि सह्याद्रीतील तुटक्या कड्यांचा प्रश्न मधला आहे. तेथे ज्वाळा लहान असल्या तरी माणूस वेळेत चढू शकत नाही. अशा जागी हेलिकॉप्टरचा उपयोग पाणी सोडण्याइतकाच तुकडी उतरवण्यासाठी आहे. त्यासाठी बादली भरण्याजोगी धरणे व तळी आधी हेरून ठेवणे, उतरण्याच्या जागा ठरवणे, वनखाते आणि हवाई दल-नौदल यांच्यात थेट संपर्काची व्यवस्था असणे आणि मागणी करण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर देणे, ही तयारी हंगामापूर्वी करावी लागते. ती नसेल तर विमान कितीही मोठे असो, ते मोठ्या झालेल्या आगीवरच पोहोचते.